त्या गुरुवारी मी घरीच राहिलो

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. नागपुरात, इंदोऱ्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, कपाटाच्या माथ्यावर, भरतकामाच्या पांढऱ्या कापडाखाली मी बसून असतो. कापड उचललंत तर तुम्हाला एक सागवानी पेटी दिसेल. पुढे जाळीदार सोनेरी कापड आणि दोन मोठी बटणं आहेत, त्यांतलं एक फिरवून फिरवून गुळगुळीत झालेलं. माझ्या पोटात काचेचे पाच वाल्व आहेत. वीज आली की ते हळूहळू तापायचे, लालसर उजळायचे, आणि मग कुठे माझा आवाज यायचा. आज तुमच्या हातात मावणारा ट्रान्झिस्टर बटण दाबताच बोलतो. मला मिनिटभर वाट पाहावी लागे. घरातली माणसंही तेवढा वेळ वाट पाहत, आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण त्याची आठवण धूसर आहे. सोल्डरचा वास आणि पेटीवर रोगण चढवणारा एक हात, एवढंच आठवतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एकोणीसशे त्रेसष्ट साली. सीताबर्डीवर मुकुंदरावांचं दुकान होतं. तिथून बळीराम रंगारी यांनी मला सायकलच्या कॅरियरवर बांधून घरी आणलं.

बळीराम कापडगिरणीत मागावर काम करायचे. शेकडो माग एकदम धडधडत असलेल्या खात्यात वीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान जसे होतात, तसे त्यांचे झाले होते. समोरच्याचं बोलणं त्यांना ओठांवरून कळे. गल्लीतले लोक त्यांच्याशी ओरडून बोलत. पण मी भरदार आवाजाचा होतो. माझ्या जाळीच्या कापडाला डावा कान जवळजवळ टेकवून ते बसले की त्यांना सगळं ऐकू येई. बातम्या, कामगारांचा कार्यक्रम, बासरी. एकदा ते बायकोला म्हणाले, "मनकर्णा, हा एकटाच आहे जो माह्याशी वरडत नाही."

मला इतकी मोठी शाबासकी पुन्हा कधी मिळाली नाही.

त्यांनी छपरावर दोन बांबू उभे केले आणि त्यांच्यामध्ये तांब्याची जाळीदार पट्टी ताणून माझी एरियल बांधली. तेव्हा रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे; दरवर्षी न चुकता पोस्टात जाऊन ते माझ्या लायसनवर शिक्का मारून आणत. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखालीच त्यांनी मला फळी ठोकून दिली. घरात येणारा पाहुणा आधी तसबिरीला जयभीम करी आणि मग माझ्याकडे कौतुकानं पाही.

त्या घरात एकच लेकरू होतं, प्रेमिला. मी आलो तेव्हा ती आठ वर्षांची होती. दोन्ही कोपर फळीवर टेकवून ती माझ्याकडे बघत बसे. गाणं एकदा ऐकलं की तिला ते चालीसकट येई. पण तिची सगळ्यात आवडती गाणी माझी नव्हती, आईची होती. मनकर्णाबाई उमरेडकडच्या एका खेड्यातल्या. दळताना त्या जी गाणी म्हणत, ती त्यांच्या आईची आणि आईच्या आईची होती. त्यांतलं एक गाणं सासरी गेलेल्या मुलीचं होतं. ती निंबाला विचारते, वाऱ्याला विचारते, माझ्या माहेरची काय खबर? तिला कुणीच उत्तर देत नाही. शेवटच्या कडव्यात ती स्वतःच निघते आणि आईच्या दारात येऊन उभी राहते. प्रेमिला हे गाणं म्हणू लागली की मनकर्णाबाई जात्याचा खुंटा धरून थांबत.

प्रेमिला बारा वर्षांची असताना तिला ताप आला. सांधे सुजले. ताप उतरला, सांधे बरे झाले. घरात सगळ्यांना वाटलं, गेलं दुखणं. पण ते गेलं नव्हतं, आत उतरून बसलं होतं. पुढे जिना चढताना तिला धाप लागू लागली. सोळाव्या वर्षी डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिलं आणि सांगितलं, "हिच्या हृदयाचा वाल्व खराब झाला आहे."

बळीराम घरी येऊन माझ्यासमोर बसले. मग मनकर्णाबाईंना सांगू लागले, "मी इचारलं डाक्टरले. म्हटलं, साहेब, आमच्या रेडिओचा वाल्व गेला होता त मुकुंदरावानं दुसरा बसवून देल्ला. तसा बदलता येते का? डाक्टर हासला नाही वं. म्हणे, मुंबईकडं करतात आता, पण ही पोरगी तेवढा प्रवास सोसणार नाही."

त्या दिवशी मला कुणी लावलं नाही.

प्रेमिलाचं गाणं मात्र थांबलं नाही. बहात्तर सालच्या जानेवारीत तिच्या शाळेतल्या कुसुमताई म्हणून एका बाईंनी तिचं नाव रेडिओ केंद्राला कळवलं. बायकांच्या कार्यक्रमात जुनी दळणाची गाणी घ्यायची होती. केंद्रातून पत्र आलं. प्रेमिलानं आईची हिरवी साडी नेसली आणि बळीराम तिला रिक्षात घालून घेऊन गेले. परत आल्यावर ती दमली होती, पण तिचे डोळे चमकत होते. ती माझ्याजवळ आली, माझ्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता मी याच्यातून बोलणार, माय!"

मग ती म्हणाली, "शेवटच्या कडव्याले माहा दम तुटला. तिथले साहेब म्हणत होते, जमलं त ठेवू, नाही त थोडं आधी थांबवू."

"ठेवतीन," बळीराम म्हणाले. "काहून नाही ठेवणार?"

गाणं लागायचं होतं तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी दुपारी. गल्लीतल्या घराघरांत बळीराम स्वतः जाऊन सांगून आले. आणि त्या गुरुवारच्या दहा दिवस आधी प्रेमिलाच्या पायांवर सूज आली, श्वास लागला. तिला रामदासपेठेतल्या इस्पितळात ठेवावं लागलं.

मित्रांनो, इथून पुढे त्या घरात जे चाललं, ते माझ्यावरून चाललं.

सुरुवात इस्पितळातल्या यमुताई नावाच्या नर्सपासून झाली. प्रेमिलानं तिला विचारलं होतं, की गुरुवारी मी इथंच असले तर माझं गाणं मला ऐकायला मिळेल का? यमुताई म्हणाली, "विजेचा मोठा रेडिओ वार्डात नाही चालत. पण लहान ट्रान्झिस्टर असेल तर आणा. हळू आवाजात उशाशी लावू."

मनकर्णाबाई ते ऐकून घरी आल्या आणि खोचलेला पदर न सोडता थेट बळीरामांसमोर उभ्या राहिल्या. मुकुंदराव जुना रेडिओ घेऊन त्याच्या बदल्यात ट्रान्झिस्टर देत असत. दोन्ही रेडिओ ठेवणं या घराच्या आवाक्यात नव्हतं.

"हा देऊन टाका," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "अन् ट्रान्झिस्टर आणा. पोरीले आयकाचं हाय."

"आयकन ना. इथंच आयकन. डाक्टर म्हणे, रविवारपावेतो घरी सोडू."

"अन् नाही सोडलं त?"

"सोडतीन. काहून असं बोलतं? ज्याच्यासमोर बसून पोरगी गाणं शिकली, त्याच्यातूनच तिचं गाणं निंगन. आपण तिघं जण बसू इथं."

 नवऱ्याच्या मनात काय आहे ते मनकर्णाबाईंना दिसत होतं आणि मलाही दिसत होतं. मला बाहेर काढायचं म्हणजे पोरगी गुरुवारपर्यंत घरी येत नाही हे मान्य करायचं. बळीरामांच्या जिभेवर ते येत नव्हतं. मी त्या फळीवर होतो तोवर प्रेमिला घरी येणार होती.

रविवार आला. प्रेमिलाला पुन्हा ताप भरला. सोमवारी मनकर्णाबाई गल्लीतल्या भैय्याजींकडे त्यांचा ट्रान्झिस्टर मागायला गेल्या, पण तो त्यांचा जावई कामठीला घेऊन गेला होता.  बुधवारी सकाळी डबा भरता भरता त्यांचा हात थांबला.

"मी तुमाले आजवर काही मांगलं नाही," त्या म्हणाल्या. "हे एवढं करा."

बळीराम उठले. त्यांनी माझी वायर काढली, गुंडाळली. मला जुन्या चादरीत बांधलं आणि नऊ वर्षांपूर्वी ज्या सायकलवरून आणलं होतं तिच्याच कॅरियरवर ठेवून सीताबर्डीला निघाले. चादरीच्या फटीतून मला रस्ता दिसत होता. मी घाबरलो होतो हे कबूल करतो. दुकानांच्या मागच्या खोलीत जुन्या रेडिओंचं काय होतं ते मी पाहिलं होतं. पेटी एकीकडे, वाल्व दुसरीकडे, तार तिसरीकडे.

मुकुंदरावांनी काउंटरवर ट्रान्झिस्टर ठेवला. वहीएवढा, चामडी पिशवीतला. त्यांनी तो लावला. बळीराम वाकले. त्यांनी डावा कान त्याला लावला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"आवाज वाढवा जी."

"पूर्ण वाढवला आहे, बळीरामजी."

त्यांनी आणखी थोडा वेळ कान लावून ठेवला. त्या लहानशा पेटीतून कुणी बाई गात होती, मला चादरीतूनही स्वच्छ ऐकू येत होतं. बळीरामांना फक्त खरखर ऐकू येत होती. ते सरळ झाले. त्यांचा चेहरा मी तोवर तसा पाहिला नव्हता.

"मले याच्यात माही पोरगी आयकू येणार नाही," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

मुकुंदराव भला माणूस. ते म्हणाले, "घेऊन जा, मुलीला ऐकवा, पुढच्या आठवड्यात बघू." पण बळीरामांना ते ओठांवरून कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी ऐकलं नाही. ते मला पुन्हा चादरीत बांधू लागले. पुटपुटत होते, "उद्या सकाळी सोडतीन. ताप उतरला म्हणे आज. उद्या सोडतीन."

मित्रांनो, परत येताना मला आनंद झाला होता. मी वाचलो, मी घरी चाललो, एवढंच माझ्या मनात होतं. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी मनकर्णाबाई इस्पितळातून आल्या आणि त्यांनी मला फळीवर पाहिलं.  डबा घासला, पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांची पिशवी भरून परत निघून गेल्या.

गुरुवार उजाडला. सकाळी डॉक्टरांनी कुणालाही सोडलं नाही. बळीराम बारा वाजेपर्यंत खाटेजवळ बसून होते. तिथं काय झालं ते मला नंतर, त्या दोघांच्या बोलण्यातून कळलं. प्रेमिलाच त्यांना म्हणाली, "बाबा, तुमी घरी जा. कोणी त आयकाले पायजे ना? आयका अन् मले येऊन सांगजा, कसं आलं ते."

ते भर उन्हात सायकल मारत आले. दार उघडलं आणि आतून कडी लावून घेतली. गल्लीतले लोक आपापल्या घरी किंवा भैय्याजींच्या ओट्यावर माझा आवाज यायची वाट पाहत थांबले होते, कुणी आत आलं नाही. बळीरामांनी मला लावलं. माझे वाल्व तापायला मिनिट लागलं. ते मिनिट मला फार लांब वाटलं. मग निवेदिकेनं नाव घेतलं, कुमारी प्रेमिला बळीराम रंगारी, आणि तिचा आवाज आला.

मी माझ्या आयुष्यात इतका नीट कधी बोललो नव्हतो. एकही खरखर नाही, एकदाही आवाज हलला नाही. तिनं निंबाला विचारलं, वाऱ्याला विचारलं. प्रत्येक ओळीआधी तिचा ओढलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. बळीरामांचा कान माझ्या जाळीवर टेकलेला होता आणि ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते. मग शेवटचं कडवं यायची वेळ आली. तिथं आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि निवेदिका पुढच्या कार्यक्रमाविषयी सांगू लागली.

गाण्यातली मुलगी आईच्या दारात पोचलीच नाही.

बळीरामांनी बटण फिरवलं. आवाज वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला, जणू ते कडवं माझ्यात कुठे तरी अडकलं होतं. नव्हतं, मित्रांनो. आमच्यात काही राहत नाही. आवाज येतो आणि जातो. लोकांना वाटतं रेडिओत गाणी भरलेली असतात. आमच्यासारखं रिकामं दुसरं काही नसेल.

ते परत इस्पितळात गेले. प्रेमिला उशांना टेकून बसली होती, झोपून तिला श्वास घेता येत नव्हता. तिनं विचारलं, "कसं आलं, बाबा?"

"लय झ्याक आलं. सारी गल्ली आयकून राहिली होती."

"शेवटचं कडवं घेतलं का त्यायनं?"

मागावरचा माणूस, आयुष्यात कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"घेतलं," ते म्हणाले. "सारं घेतलं. एक शब्द सोडला नाही."

ती हसली. शनिवारी सकाळी ती गेली. सतरा वर्षांची होती.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी फार सांगणार नाही. एक गोष्ट मात्र उलटी झाली. मला घरातून काढायचं आता बळीरामांच्या मनात आलं आणि अडवलं मनकर्णाबाईंनी. ते म्हणाले, "माह्याच्यानं त्याच्याकडं पाहावत नाही." त्या म्हणाल्या, "तुमी आयकलं. मी नाही आयकलं. मले निदान ते ठिकाण त राहू द्या, जिथून तिचा आवाज आला."

दर गुरुवारी दुपारी त्या मला लावून समोर बसत. कधी तरी पुन्हा लावतील, अशी त्यांची आशा होती. वर्षभरानं बळीरामांनी केंद्राला पत्र लिहिलं. उत्तर अदबीचं आणि दुःख व्यक्त करणारं होतं. त्या कार्यक्रमाची टेप आता शिल्लक नव्हती. मनकर्णाबाईंनी पत्र घडी करून माझ्याखाली ठेवलं आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा समोर येऊन बसल्या.

अशी वर्षं गेली. मग माझा एक वाल्व गेला, आणि तसला वाल्व आता नागपुरात कुठेच मिळत नव्हता. मी मुका झालो. फळीवरून कपाटावर आलो. चौऱ्याऐंशी साली भैय्याजींकडे टीव्ही आला आणि गल्लीतल्या छपरांवर नव्या एरियली उगवल्या. माझ्या बांबूंवरची तांब्याची पट्टी कधीच काळी पडली होती. एका दुपारी बळीराम म्हणाले, "हा डब्बा आता देऊन टाकू."

ते रिटायर झाले होते. कान जवळजवळ संपले होते.

"राहू द्या," मनकर्णाबाई त्यांच्या जवळ येऊन म्हणाल्या. "याच्यातून तिचं सारं गाणं आलं होतं."

बळीराम त्यांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांना ते कळलं. ते खाली बसले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "सारं नव्हतं आलं वं. शेवटचं कडवं कापलं होतं. मी पोरीशी खोटं बोललो. मरताखेपी खोटं बोललो."

मनकर्णाबाई हळूच काही तरी बोलल्या. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

"काय म्हणतं?"

त्या वाकल्या. मी ज्या कानाशी नऊ वर्षं बोललो होतो, त्या डाव्या कानाशी तोंड नेऊन त्या मोठ्यानं म्हणाल्या, "तिले मालूम होतं! तुमी पाणी आणाले बाहेर गेले, तवा मले म्हणे, माय, बाबा खोटं बोलले. माहा आवाजच तुटला होता, ते कडवं ठेवतच नसतात. पण बाबाले सांगू नको. त्यायले वाटू दे, मी मानलं."

बळीरामांनी मान वर केली. "अन् तू बारा वर्सं..."

"तिनं सांगितलं होतं ना, सांगू नको म्हणून."

मग तो म्हातारा माणूस रडला. गिरणीतल्या माणसांसारखा, आपला आवाज केवढा होतोय ते न कळता. भैय्याजींच्या घरातून माणसं धावत आली, इतका मोठ्यानं. मनकर्णाबाईंनी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसल्या. त्यांचे स्वतःचे डोळे कोरडे होते. त्यांनी ते कुठे, कधी रडून घेतलं असेल, मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही.

पुढच्या आठवड्यात दोघांनी एक ट्रान्झिस्टर विकत घेतला. तो घरी आला नाही. यमुताई आता त्या वार्डाची मोठी सिस्टर झाली होती. तिच्या हातात तो देऊन मनकर्णाबाई म्हणाल्या, "कोणाले आयकाचं असन, तर उशाशी लावत जा." तिथं तो अजून आहे म्हणतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा तुम्हाला विनवतात, आम्हाला टाकू नका, आम्हाला जपा. तुम्ही जपता, धूळ पुसता, कापड घालता, ते आम्हाला आवडतं. पण माझी विनंती वेगळी आहे. घरात कुणी आजारी असेल, त्याला काही हवं असेल आणि त्यासाठी आम्हाला बाहेर काढावं लागत असेल, तर काढा. त्याच दिवशी काढा. उद्या तो घरी येईल म्हणून थांबू नका. आम्हाला दुखत नाही, आणि दुखलं तरी काय?

बळीरामांना मी दोष देत नाही. लेक घरी येणार, असं मानणाऱ्या बापाला कोण दोष देईल? पण त्या बुधवारी मुकुंदरावांच्या दुकानात माझी पेटी एकीकडे, वाल्व दुसरीकडे, तार तिसरीकडे झाली असती, तर गुरुवारी दुपारी त्या खाटेवर एका मुलीनं स्वतःचा आवाज ऐकला असता, आणि तिच्या आईनंही ऐकला असता. हे सांगायला मग मी राहिलो नसतो. ते फार बरं झालं असतं.